फ्रान्समधलं 'देपार्तमाँ' म्हणजे नक्की काय?

पार्लेकर६१:
लेक ब्रेस्टला शिकायला चाललीय. फॉर्ममध्ये 'देपार्तमाँ' विचारलं होतं, मी छातीठोकपणे 'मेकॅनिकल' लिहायला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला! आता म्हणते, पत्त्यात २९ आणि जन्मस्थळात ९९ लिहायचं. शिवाय ब्रेस्ट एवढं मोठं, तरी मुख्य कचेरी कँपेरला. हे काय गौडबंगाल आहे?

अव्वल_कारकून_निवृत्त:
देपार्तमाँ म्हणजे जिल्हा हो. मुलाकडे ब्रेस्टला दोन उन्हाळे काढलेत, आणि महसुलातली खोड जात नाही, म्हणून सगळी चौकशी करून आलो.

हा जिल्हा फिनिस्तेर, फ्रान्सचं पश्चिम टोक. नावाचा अर्थच 'भूमीचा शेवट'. राज्यक्रांतीनंतर १७९० मध्ये जुने प्रांत मोडून जिल्हे पाडले. पुढे नावांच्या अकारविल्हे यादीवरून क्रमांक पडले, त्यात फिनिस्तेर २९. ब्रेस्टचा पिनकोडही २९ नेच सुरू होतो. ९९ म्हणजे परदेशात जन्म.

प्रेफे म्हणजे आपला कलेक्टर. सरकार नेमतं, बदलीही होते. तो कँपेरला बसतो. ब्रेस्टला सू-प्रेफे, म्हणजे प्रांतसाहेब. असे प्रांतसाहेब शातोलँ आणि मॉर्लेलाही आहेत. निवडून आलेली जिल्हा परिषद वेगळी. रस्ते, मधल्या शाळांच्या इमारती, म्हाताऱ्यांची मदत हे तिच्याकडे. १९८२ च्या कायद्याआधी परिषदेचा कारभारही प्रेफेच हाकायचा. आपण मुंबईकर इथेच अडखळतो, कारण मुंबईला जिल्हा परिषदच नाही.

'काँतों'ला मात्र तालुका समजू नका. मीही आधी समजलो होतो. तिथे तहसीलदार वगैरे कोणी नाही, तो नुसता मतदारसंघ. २०१५ पासून प्रत्येक काँतोंमधून एक बाई आणि एक पुरुष अशी जोडीच निवडून जाते. आणि गाव असो की शहर, दोन्ही 'कोम्यून', दोन्हीकडे महापौर. शे-दोनशे वस्तीच्या गावालाही! आपल्या सरपंचांना सांगितलं तर हेवा वाटेल.

ताडदेव_झिरोवन:
गाडीच्या पाटीवरही उजवीकडे जिल्ह्याचा आकडा असतो. पण २००९ पासून हवा तो घेता येतो, राहता कुठे याच्याशी संबंध नाही. आपल्याकडे अशी सूट दिली तर अर्धं बोरिवली ०१ घेऊन फिरेल.

पार्लेकर६१:
कारकूनसाहेब, लाख आभार. तिला दरवेळी कँपेरला जावं लागेल का?

अव्वल_कारकून_निवृत्त:
कोणतं काम कुठे होतं ते तिच्या कॉलेजातच विचारा. पण कँपेर एकदा बघू दे. तिथल्या ब्रेतॉन भाषेत 'केंपेर' म्हणजे नद्यांचा संगम, आणि गाव खरोखरच ओदे आणि स्तेर नद्यांच्या संगमावर आहे. छत्री मात्र द्या. तिथला पाऊस जूनची वाट पाहत नाही.