जेवणाच्या खोलीसाठी जुना साइडबोर्ड: व्हिक्टोरियन महोगनी घ्यावी की साठच्या दशकातला साग?

लीड्सकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आम्ही लीड्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले, भिंतीला भिंत लागून असलेल्या ओळीतले एक घर घेतले आहे. जेवणाची खोली साधारण १२ फूट बाय ११ फूट आहे. सहा माणसांचे टेबल मांडल्यावर ताटे, वाट्या, काचेची भांडी, टेबलावरची कापडे आणि सणावारी निघणारी चांदीची भांडी ठेवण्यासाठी एक जुना साइडबोर्ड घ्यावा, असे आमच्या मनात आहे. दाबलेल्या भुशाच्या पाट्यांचे फर्निचर घरात नको, यावर आमचे एकमत आहे.

दोन नग पाहून ठेवले आहेत. एका लिलावघरात महोगनीचा व्हिक्टोरियन साइडबोर्ड आहे. त्याला दोन्ही बाजूंना कपाटे, मध्ये खण आणि मागे उंच आरसा आहे. दुसरा जी-प्लॅन या ब्रँडचा १९६० च्या दशकातला सागवानी साइडबोर्ड असून तो ठेंगणा आणि जवळजवळ ७ फूट लांब आहे. महोगनीच्या नगाची अपेक्षित किंमत दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी असल्यामुळे मनात शंका येते. तो खरोखर जुना आहे, हे कसे ओळखावे? गरम पातेली आणि तेल-हळदीचे हात यांपुढे दोहोंपैकी कोणता टिकेल? शिवाय सासरी दादरच्या घरात १९३० च्या दशकातला एक सागवानी साइडबोर्ड आहे, तो इकडे आणता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

रंधा-पटाशी यांचे उत्तर

कमी किमतीवरून शंका घेण्याचे कारण नाही. व्हिक्टोरियन महोगनीचे भाव ब्रिटनमध्ये गेल्या दोन दशकांत बरेच उतरले आहेत आणि त्याचा लाकडाच्या दर्जाशी काही संबंध नाही. जेवणाची स्वतंत्र खोली असलेली घरेच कमी झाली, त्यामुळे आरशासह छताकडे झेपावणारा साइडबोर्ड ठेवायचा कोठे, हा बहुतेकांपुढचा प्रश्न आहे. साठच्या दशकातले ठेंगणे साइडबोर्ड बैठकीच्या खोलीत टीव्हीखालीही शोभतात, म्हणून त्यांना मागणी आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. भुशाच्या पाट्या नकोत असे आपण म्हणता, पण जी-प्लॅनच्या नगात त्या असण्याची शक्यता बरीच आहे. हाय विकम येथील गोम यांच्या कारखान्याने १९५३ मध्ये जी-प्लॅन बाजारात आणले आणि आपण वर्णन केलेला लांब साइडबोर्ड त्यांच्या १९६६ च्या ‘फ्रेस्को’ मालिकेतला असावा. त्यातल्या कोरीव मुठी भरीव सागाच्या असतात, परंतु मोठे सपाट पृष्ठभाग हे पाटीवर चिकटवलेले सागाचे विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा असतो. हे विनियर एक मिलिमीटरहूनही पातळ असल्यामुळे डाग घालवण्यासाठी कोणी काचपेपर जोराने फिरवला, तर खालची पाटी दिसू लागते आणि तिथे कोणत्याही पॉलिशचा इलाज चालत नाही. म्हणून वरच्या फळीच्या कडा आणि कोपरे बोटाने चाचपून पाहावेत, आणि मागचे पाय ज्या ठिकाणी जोडले आहेत तिथे पाटी ओलीने फुगली आहे का, हे खाली वाकून बघावे.

महोगनीच्या नगाचा दर्शनी भाग पाहण्यात वेळ घालवू नये. खण पूर्ण बाहेर काढावा, पालथा करावा आणि खिडकीजवळ न्यावा. हाताने केलेल्या डव्हटेल (पारव्याच्या शेपटीच्या आकाराचे दाते एकमेकांत बसवलेल्या) सांध्यांत थोडा असमानपणा असतो आणि सुताराने आखणीसाठी मारलेली बारीक रेघ अजून दिसते; यंत्राने केलेले सांधे एकसारखे असतात. खणाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या कडा वर्षानुवर्षांच्या घासण्याने झिजलेल्या असतात, आणि ती झीज ज्या पट्टीवर खण सरकतो तिच्यावरही जुळणारी दिसली पाहिजे. मूळच्या स्क्रूंना टोक आहे का, हेही पाहावे, कारण टोकदार स्क्रू साधारणपणे १८५० नंतर रूढ झाले. लाकडात बारीक छिद्रे असतील तर लगेच घाबरू नये. मात्र छिद्रांखाली ताजी, फिकट भुकटी पडत असेल, तर कीड अजून जिवंत आहे असे समजावे आणि उपचार झाल्याशिवाय तो नग घरात आणू नये.

वार्फेकाठची यांचे उत्तर

वरील माहिती अचूक आहे, परंतु माझे मत महोगनीच्या बाजूने आहे. आपण लीड्समध्येच राहता, तेव्हा खरेदीपूर्वी जवळच्या हेअरवुड हाउस या जुन्या हवेलीला एकदा जाऊन यावे. ओटलीत १७१८ साली जन्मलेल्या टॉमस चिपेंडेल या नामवंत फर्निचर-कारागिरांनी त्या घरासाठी केलेला जेवणघराचा संच तिथे आहे: मध्ये लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना कलश असलेल्या दोन सुट्या पीठिका. अशा पीठिकांचा उपयोग ताटे गरम ठेवण्यासाठी आणि पाणी साठवण्यासाठी होत असे. पुढे १७८० च्या सुमारास टेबल आणि पीठिका एकत्र येऊन खण व कपाटे असलेला अखंड साइडबोर्ड रूढ झाला. आपण पाहिलेल्या नगातली दोन बाजूंची दोन कपाटे त्या पीठिकांचीच वंशज आहेत. जेवण वाढण्याच्या कामासाठीच त्याची मांडणी ठरत गेली, म्हणून त्याची उंची उभ्याने वाढायला सोयीची असते. ठेंगण्या साइडबोर्डवरून आमटी वाढताना दर वेळी वाकावे लागते, आणि पंगतीला दहा माणसे असली की ते चांगलेच जाणवते.

टिकाऊपणाविषयी सांगायचे तर जुन्या महोगनीवर बहुधा फ्रेंच पॉलिश असते, म्हणजे आपल्याकडच्या लाखेपासून केलेला चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून दिलेले हात. गरम पातेले थेट ठेवले तर त्यावर पांढरा डाग उठतो, हे खरे आहे. परंतु तो डाग बऱ्याचदा पॉलिशच्या थरातच असतो, लाकडात उतरलेला नसतो, आणि स्पिरिटमध्ये किंचित भिजवलेले फडके हलक्या हाताने फिरवले तर पुष्कळ वेळा जातो. दुरुस्त होण्याचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. वरच्या फळीवर जाड फेल्ट आणि त्यावर सुती कापड अंथरले, तर रोजच्या वापराची काळजी उरत नाही.

गिरगावकर यांचे उत्तर

दादरच्या साइडबोर्डविषयी थोडक्यात लिहितो. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी व्यक्तींना देशाबाहेर नेता येत नाहीत. आपला नग त्या मर्यादेच्या आत असला, तरी तो पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधी घ्यावा, म्हणजे बंदरावर खोळंबा होणार नाही. तो खरोखर सागाचाच आहे ना, हेही पाहून घ्यावे. शिसवी लाकूड ज्या डालबर्जिया प्रजातीचे (जीनसचे), तिच्यातल्या सर्व झाडांचा २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत समावेश आहे आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. दुसरी अडचण हवेची आहे. मुंबईच्या दमट हवेत मुरलेले लाकूड तिकडच्या तापवलेल्या कोरड्या खोलीत आडव्या दिशेने आकसते, फळ्यांत फटी पडतात आणि सांधे सैल होतात. भावनिक ओढ असेल तर अवश्य न्यावा, पण रेडिएटरजवळ ठेवू नये.

लीड्सकर

सर्वांचे मनापासून आभार. काल लिलावघरात जाऊन खण काढून पाहिले. सांधे हाताचे आहेत, आखणीची रेघही दिसली आणि कडांची झीज पट्टीशी जुळते. भुकटी कुठेही नाही. मागची एक फळी मात्र नंतर बसवलेल्या प्लायची आहे. बोली लावण्याचे आम्ही ठरवले आहे, पण आरसा इतका उंच आहे की चित्रे लावण्याच्या पट्टीला लागेल. तो काढून टाकला तर चालेल का?

रंधा-पटाशी

प्लायची फळी किंमत कमी करून घेण्यास उपयोगी आहे, वापरात तिने काही बिघडत नाही. आरशाचा भाग बहुतेक नगांत स्वतंत्र असतो आणि मागून स्क्रूंनी धरलेला असतो, त्यामुळे तो उतरवता येतो. करवत मात्र कोणी लावू नये. उतरवल्यावर स्क्रू एका पिशवीत घालून आरशाच्या चौकटीलाच बांधून ठेवावेत आणि आरसा आडवा न ठेवता उभा ठेवावा. वरच्या फळीच्या मागच्या कडेला छिद्रे आणि कमी उजळ पट्टा दिसेल, तिथे रंग न लावता नुसते मेण द्यावे. आणि बोली लावण्यापूर्वी घराच्या पुढच्या दाराची व बोळाच्या वळणाची मापे घ्यावीत, कारण या ओळीतल्या घरांत जिन्याजवळच्या कोपऱ्यात मोठा नग हमखास अडकतो.