मेडुसाच्या अन्वयार्थांवर एकच पुस्तक घ्यायचे झाल्यास कोणते घ्यावे? (सल्ला हवा आहे)

ओसरीवरची
नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासमंडळात दर महिन्याला एक सभासद एखाद्या पुराणकथेवर बोलतो आणि पुढच्या महिन्यात माझी पाळी आहे. ग्रीक पुराणकथांतील मेडुसा हा विषय मीच निवडला आहे. तिच्या डोक्यावर केसांच्या जागी साप आहेत, तिच्याकडे पाहणारा दगड होतो आणि पर्सियस हा वीर तिचे मुंडके कापून नेतो, एवढे मंडळात सर्वांना ठाऊक असल्यामुळे तेच पुन्हा सांगण्यात मला रस नाही. तिचा अर्थ निरनिराळ्या काळांत लोकांनी कसा लावला, याविषयी बोलायचे आहे. इंटरनेटवर जिकडेतिकडे एकच कथा आढळते: ती अथीनाच्या देवळातील सुंदर पुजारीण होती, समुद्रदेव पोसायडनने तिच्यावर बलात्कार केला आणि देवीने शिक्षा मात्र तिलाच दिली. हीच मूळ कथा, असे सगळे ठामपणे सांगतात. ती कोणत्या ग्रंथात आहे, हे कोणीच सांगत नाही.

पुस्तक एकच हवे, छापील हवे (पडद्यावर फार वेळ वाचवत नाही), मराठी किंवा इंग्रजी चालेल. खर्चाची मर्यादा ७०० रुपये आहे.

तळटीप
आधी मूळ ग्रंथ आणि मग अन्वयार्थ, हा क्रम पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. लोएब ग्रंथमालेतील ग्रीक कवी हेसिअड आणि त्याच मालेतील रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसीस’चे दोन खंड घ्यावेत. एका पानावर मूळ ग्रीक अथवा लॅटिन आणि समोरच्या पानावर इंग्रजी, अशी सोय सहसा अन्यत्र मिळत नाही. या मालेतील हिरव्या आणि तांबड्या पुस्तकांनी माझी एक भिंत भरली आहे आणि त्यांतल्या एकाही खरेदीचा मला पश्चात्ताप झालेला नाही.

इ.स.पू. ७००च्या सुमाराचा हेसिअड फोर्किस आणि केटो यांच्या तीन गॉर्गन, म्हणजे भयंकर मुखाच्या राक्षसी, मुलींची नावे देतो: स्थेनो, युरिअली आणि मेडुसा. पहिल्या दोघी अजरामर आहेत, मेडुसा तेवढी मर्त्य आहे. पोसायडन तिच्याशी संग करतो तो वसंतातील फुलांनी भरलेल्या कुरणात. तेथे देऊळ नाही, शाप नाही आणि अथीनाचा कोपही नाही. पर्सियसने शिर उडवल्यावर तिच्यातून क्रिसेऑर आणि पेगासस हा घोडा बाहेर पडतात. म्हणजे या जुन्या परंपरेत मेडुसा शापाने राक्षसी झालेली नाही, ती राक्षसकुळातच जन्मली आहे.

रविवारचा वाचक
तळटीप यांचे सर्व म्हणणे मान्य आहे, परंतु ७०० रुपयांत त्यांच्या भिंतीतली एक वीटही निघणार नाही. माझ्या मते या धाग्याला एकच उत्तर आहे: मार्जरी गार्बर आणि नॅन्सी व्हिकर्स यांनी संपादित केलेला, २००३मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द मेडुसा रीडर’. होमरपासून आधुनिक स्त्रीवादी लेखनापर्यंतचे उतारे त्यात एकत्र मिळतात, त्यामुळे दहा पुस्तके धुंडाळावी लागत नाहीत. मी दुसऱ्याने वापरलेली प्रत मागवली, तेव्हा आधीच्या मालकाने मनोविश्लेषक फ्रॉइडची पाने पिवळ्या शाईने इतकी रंगवलेली निघाली की न रंगवलेले वाक्यच शोधावे लागले. तरीही पैसे वसूल झाले. किंमत आपल्या मर्यादेच्या बरीच बाहेर जाईल, पण पुस्तकांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

खडूस आजोबा
अन्वयार्थ म्हटले की फ्रॉइड टाळता येत नाही, हे आजच्या पिढीला कोणीतरी सांगायला हवे. त्याचे मेडुसाच्या शिराविषयीचे टिपण १९२२मधले असून ते त्याच्या मृत्यूनंतर, १९४०मध्ये छापले गेले. शिरच्छेद म्हणजे लिंगच्छेदाची भीती, केसांच्या जागचे साप म्हणजे त्या भीतीवरचा उतारा आणि पाहणाऱ्याचे दगड होणे म्हणजे ताठरणे, अशी त्याची मांडणी आहे. टिपण जेमतेम दोन-तीन पानांचे असल्याने ते कोणत्याही वाचनालयात बसून वाचता येईल. त्यासाठी पुस्तक विकत घेण्याचे कारण काय, हे मला समजलेले नाही.

निंबोणी
आजोबा, फ्रॉइड अवश्य वाचावा, पण त्या टिपणात पाहणारा कायम पुरुषच आहे, याचीही नोंद घ्यावी. एखादी स्त्री मेडुसाकडे पाहील तेव्हा काय होईल, हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. एलेन सिक्सू या लेखिकेने १९७५मध्ये आपल्या फ्रेंच निबंधातून नेमका हाच डाव उलटवला. मेडुसाकडे सरळ नजरेने पाहिले तर ती प्राणघातक नाही, सुंदर आहे आणि हसते आहे, असा तिचा दावा आहे. ओसरीवरची ताई, एक सावधगिरीची सूचना मात्र देते. निबंधाच्या शीर्षकात मेडुसा असली तरी आत तिच्याविषयी मजकूर फारच थोडा आहे. तो निबंध मुख्यतः स्त्रियांनी स्वतःचे लेखन करण्याविषयी आहे. मेडुसाची कथा मिळेल म्हणून कोणी तो उघडला तर निराशा होईल.

आधुनिक उदाहरण हवे असल्यास शिल्पकार लुचानो गार्बाती याचा २००८मधला पुतळा जरूर दाखवावा. त्यात मेडुसा उभी आहे आणि पर्सियसचे मुंडके तिच्या हातात आहे. २०२०मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत काही काळ मांडला होता.

खडूस आजोबा
अत्याचार पोसायडनने केला आणि मुंडके पर्सियसचे उडाले, हा कोणता न्याय? शिवाय तो पुतळा पुरुषानेच घडवला आहे.

निंबोणी
हे दोन्ही आक्षेप त्याच वेळी अनेक स्त्रियांनीही घेतले होते, त्यामुळे या एका मुद्द्यावर आपले एकमत आहे असे समजते.

मु. पो. डोंबिवली
आपल्या देवळांच्या उंबरठ्यावरचे कीर्तिमुख आणि हे गॉर्गनचे मुख यांत मला काडीचा फरक दिसत नाही. तेच वटारलेले डोळे, तेच सुळे. ही कल्पना आपल्याकडूनच तिकडे गेली, हे उघड आहे. यावर मराठीत पुस्तक असल्यास मलाही कळवावे.

शिलालेख
डोंबिवलीकर, कॉर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळातील गॉर्गन इ.स.पू. ५८०च्या सुमाराची आहे आणि आपली पाषाणातील कीर्तिमुखे त्यानंतर कित्येक शतकांनी दिसू लागतात, त्यामुळे आपला क्रम जुळत नाही. दारावर भयंकर मुख बसवून वाईटाला बाहेर ठेवायचे, हे काम मात्र दोन्हीकडे सारखे आहे आणि तुलना तेवढ्यापुरतीच करावी. कीर्तिमुखावर वेगळा धागा काढल्यास मी आनंदाने लिहीन.

धागाकर्तीला माझे सांगणे असे की पुस्तकांच्या आधी चित्रे पाहावीत. कॉर्फूच्या देवळाच्या दर्शनी छताखालच्या त्रिकोणात मधोमध सुमारे ३ मीटर उंचीची गॉर्गन गुडघे मुडपून धावते आहे. कमरेला दोन सापांची गाठ मारलेला पट्टा आहे, तोंड पूर्णपणे आपल्याकडे वळलेले आहे आणि दोन बाजूंना तिची मुले, म्हणजे पेगासस आणि क्रिसेऑर, आहेत. मुले तर शिर कापल्यानंतर जन्मतात आणि येथे शिर जागेवरच आहे. तेव्हा हे कथेतल्या एखाद्या क्षणाचे चित्र नव्हे. देवळाची राखण करणारी ही एक शक्ती आहे. (१९११मधल्या तिथल्या उत्खननात जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म जातीने रमला होता आणि पदच्युत झाल्यावर त्याने गॉर्गनवर एक पुस्तकही लिहिले. त्याची शिफारस मी करणार नाही.) ग्रीकांच्या मद्याच्या प्याल्यांतही आतल्या बाजूला तळाशी गॉर्गनचे मुख रंगवलेले असे, मद्य खाली जाई तसतसे ते पिणाऱ्यासमोर उघडे पडे. यातली भीती किती आणि थट्टा किती, हे ज्याने त्याने ठरवावे.

ग्रीक धर्माची अभ्यासक जेन हॅरिसन हिने १९०३मधल्या आपल्या पुस्तकात मांडले की आधी विधींमधला मुखवटा होता आणि त्याचे स्पष्टीकरण म्हणून धड, बहिणी आणि पर्सियस ही कथा मागाहून आली. हे पुस्तक आता स्वामित्वहक्काबाहेर असून इंटरनेटवर फुकट मिळते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१८मध्ये मेडुसावर प्रदर्शन भरवले होते. त्याची सचित्र पुस्तिकाही संग्रहालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहे.

अर्धविराम
माझ्या मते आधी मूळ ग्रंथ वाचावेत. लोएब उत्तम. स्वस्ताच्या मोहात पडून मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून ऑव्हिडच्या जुन्या भाषांतराची छापून मागवलेली प्रत घेतली होती, तिच्यात ओळींचे क्रमांक नव्हते आणि एका खंडाच्या मधूनच दुसरा खंड सुरू होत होता. परत घ्यायला विक्रेता तयार नव्हता. आणखी एक गोष्ट: रॉबर्ट ग्रेव्हज याचे १९५५मधले ‘द ग्रीक मिथ्स’ जुन्या पुस्तकांच्या दुकानांत सर्रास दिसते, ते चुकूनही घेऊ नये. हेलेन, म्हणजे ग्रीक, टोळ्यांनी देवीची जुनी ठाणी जिंकून तिथल्या पुजारिणींचे गॉर्गनचे मुखवटे काढून घेतले, त्याची आठवण म्हणजे पर्सियसची कथा, असे तो इतिहास सांगितल्याच्या थाटात लिहितो.

तळटीप
ग्रेव्हजविषयी संपूर्ण अनुमोदन.

रविवारचा वाचक
ग्रेव्हज नकोच. कवी म्हणून तो थोर आहे, एवढेच म्हणेन.

ओसरीवरची
सर्वांचे आभार. एक शंका उरते. पुजारीण, देऊळ, बलात्कार आणि शाप ही कथा हेसिअडमध्ये नाही, तर ती नेमकी कोठे आहे? आणि मेडुसा सुंदर होती, ही कल्पनाही तिथूनच आली का?

तळटीप
ती ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसीस’च्या चौथ्या सर्गाच्या अगदी शेवटी आहे, म्हणजे इ.स. ८च्या आसपासची. हेसिअड आणि ऑव्हिड यांच्यात सुमारे सातशे वर्षांचे अंतर आहे. ऑव्हिडही तिला पुजारीण म्हणत नाही. तो केवळ देऊळ मिनर्व्हाचे, म्हणजे अथीनाचे, होते असे सांगतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की ही हकीकत तेथे कवी स्वतःच्या तोंडाने सांगत नाही. राजकन्या अँड्रोमेडाशी झालेल्या विवाहाच्या मेजवानीत पर्सियस आपले पराक्रम सांगतो आहे. मेडुसा आणि तिचे साप गाढ झोपेत असताना आपण तिचे शिर कापले, असे तो सांगून चुकला आहे. तेव्हा पाहुण्यांपैकी एक सरदार विचारतो की बहिणींपैकी एकटीच्याच केसांत साप का होते, आणि पर्सियस उत्तर देतो की ती लावण्यवती होती, अनेकांनी तिची आशा धरली होती आणि तिचे केस सर्वांत देखणे होते. ‘ते पाहिलेला माणूस मला भेटला आहे,’ असेही तो म्हणतो. सागराच्या स्वामीने तिला मिनर्व्हाच्या देवळात भ्रष्ट केले, असे म्हणतात. देवीने तोंड फिरवून ढालीआड डोळे झाकले आणि हे विनाशिक्षा राहू नये म्हणून मेडुसाच्या केसांचे साप केले. याचा अर्थ असा की जी कथा आज मेडुसाची बाजू म्हणून सांगितली जाते, ती मुळात तिला झोपेत मारणाऱ्याच्या तोंडी, त्याच्याच लग्नाच्या पंगतीत आणि ऐकीव माहिती म्हणून आली आहे. ऑव्हिडने हे मुद्दाम केले असावे, असे मला वाटते. निंबोणीताईंच्या पुतळ्यापेक्षा ही मांडणी मला अधिक धारदार वाटते.

सौंदर्याचे श्रेय मात्र ऑव्हिडला देता येणार नाही. इ.स.पू. ४९०मध्ये ग्रीक कवी पिंडार मेडुसाला सुंदर गालांची म्हणतो.

शिलालेख
पुस्ती जोडतो. मेट्रोपॉलिटन संग्रहालयातच इ.स.पू. ४५० ते ४४०च्या दरम्यानचे एक भांडे आहे, त्यावर मेडुसा साध्या, देखण्या तरुणीसारखी झोपली आहे आणि पर्सियस मान वळवून तिच्या गळ्याला पाते लावतो आहे. त्याउलट, इ.स.पू. सातव्या शतकातले ग्रीसमधल्या बिओशिया प्रांताचे एक भांडे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, त्यावर मेडुसाचे मागचे अंग घोड्याचे आहे. तेव्हा तिचे रूप कधीच ठरलेले नव्हते.

मु. पो. डोंबिवली
घोड्याचे अंग असेल तर ती राक्षसी तरी का म्हणावी? जुन्या काळी एखादी खरीखुरी राणी असावी, असा माझा अंदाज आहे.

तळटीप
हा अंदाज आपल्या आधी अठराशे वर्षे केला गेला आहे. पॉसेनिअस हा प्रवासी लिहितो की मेडुसा लिबियातील ट्रिटोनिस सरोवराभोवतीच्या लोकांची राणी होती, ती सैन्य घेऊन पर्सियसशी लढायला आली आणि रात्री दगाफटक्याने मारली गेली. मेल्यावरही तिचे रूप पाहून पर्सियस थक्क झाला आणि ग्रीकांना दाखवण्यासाठी त्याने शिर कापून नेले, असेही तो म्हणतो. अरगॉस शहरात ते शिर पुरल्याचा मातीचा ढिगारा त्याला दाखवण्यात आला होता.

ओसरीवरची
सर्वांचे पुन्हा आभार. आपणा सर्वांचा विरोध ठाऊक असूनही मी ग्रेव्हजची दोन खंडांची जुनी प्रत घेतली आहे. ती ४५० रुपयांना मिळाली आणि अक्षर मोठे आहे. प्रत्येक कथेखाली तो पिंडार, अपोलोडोरस, पॉसेनिअस यांचे नेमके संदर्भ देतो, ते मला हवेच होते. त्याचा मुखवट्यांचा आणि पुजारिणींचा सिद्धांत मी इतिहास म्हणून मांडणार नाही. फ्रॉइड आणि सिक्सू यांच्या शेजारी, १९५५मधल्या एका कवीने लावलेला अर्थ म्हणून मांडेन. भाषणाची सुरुवात मात्र पर्सियसच्या लग्नाच्या पंगतीपासून करणार आहे.

तळटीप
प्रत घेतलीच आहे, तर एक पथ्य पाळावे. ग्रेव्हज निरनिराळ्या शतकांतील लेखकांचे तपशील एकाच सलग गोष्टीत शिवतो, त्यामुळे कोणते वाक्य हेसिअडचे आणि कोणते ऑव्हिडचे हे त्याच्या कथनातून कळत नाही. प्रत्येक वाक्य त्याच्या संदर्भाशी ताडून मगच बोलावे. त्यासाठी चौथ्या सर्गाच्या शेवटच्या तीसेक ओळी आणि हेसिअडचा तेवढाच उतारा वाचनालयातून झेरॉक्स करून घ्यावा.

खडूस आजोबा
आणि फ्रॉइडची दोन पानेही.