काळ्या जमिनीत पाया आणि शोषखड्डा: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात शेतातच एकमजली घर बांधतोय. जमीन भारी काळी. मे महिन्यात भेगेत हात कोपरापर्यंत जातो, पावसाळ्यात तीच माती फुगते. जुन्या घराच्या भिंती अशाच तिरप्या तडकल्या, म्हणून आई धास्तावलीय.

६ फूट खोदलं, तरी मुरूम लागला नाही. गवंडी म्हणतो, काळी माती काढून मुरूम भरू, चांगला दाबू, वर प्लिंथ बीम (भिंतींखालची काँक्रीटची आडवी तुळई) टाकू. इंजिनिअर अंडर-रीम पाइल (जमिनीत खोल जाणारे, खाली फुगीर बूड असलेले काँक्रीटचे खांब) सांगतात. कोणी केलंय का? खर्चात किती फरक पडला?

दुसरं म्हणजे सेप्टिक टँक. त्याचं पाणी जिरवायच्या शोषखड्ड्याच्या जागी संध्याकाळी दोन बादल्या पाणी ओतलं, सकाळी निम्मं तसंच! विहीर ४० फुटांवर आहे, त्यामुळे खड्डा लांब न्यावाच लागेल. पण अशा मातीत पाणी जिरवायचं कसं? कृपया अनुभव सांगा, पावसाआधी पाया भरायचाय.