असिंक सर्व्हरमध्ये ओआरएम ठेवावे की काढून टाकावे?

बर्फाची_लादी (रत्नागिरी)

नमस्कार. मिरकरवाडा बंदराच्या आसपास मासळीच्या शीतगृहांमध्ये तापमान मोजणारी १४० यंत्रे आम्ही बसवली आहेत. प्रत्येक यंत्र टीसीपी सॉकेट उघडे ठेवून दर ३० सेकंदांनी एक नोंद पाठवते आणि १० सेकंदांत पोच मिळाली नाही तर सॉकेट बंद करून नव्याने जोडणी करते. सर्व्हर पायथनच्या असिंकआयओवर, म्हणजे एकाच थ्रेडमध्ये अनेक कामे आलटून-पालटून चालवणाऱ्या लायब्ररीवर, चालतो. डेटाबेस पोस्टग्रेस आहे आणि ओआरएम (डेटाबेसमधल्या ओळी पायथनच्या वस्तू म्हणून हाताळू देणारे साधन) म्हणून एसक्यूएलअल्केमी वापरले आहे.

पावसाळ्यात लाइट जाऊन परत आली की सगळी यंत्रे एकदम जोडणी मागतात आणि साठवून ठेवलेल्या नोंदी ओततात. पूर्वी असिंक फंक्शनच्या आत साधे सेशन (ओआरएमचा डेटाबेसशी चाललेला संवाद, जो उत्तर येईपर्यंत सगळा थ्रेड अडवतो) वापरले होते, त्यामुळे एक क्वेरी रेंगाळली की सगळ्यांच्याच पोचपावत्या अडकत आणि यंत्रे पुन्हा पुन्हा तुटत. आता त्यांच्या जागी न अडवणारे असिंकसेशन आणि असिंकपीजी ड्रायव्हर घेतला, तर कमिटनंतर पोचेचा मजकूर तयार करणाऱ्या ओळीवर, म्हणजे ‘यंत्र.शीतगृह.नाव’ असे वाचताना, ‘मिसिंग ग्रीनलेट’ ही त्रुटी येते. ओआरएम काढून सरळ एसक्यूएल लिहावे, असे सहकाऱ्यांचे म्हणणे आहे. अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

टिंबाखाली_क्वेरी (सावंतवाडी)

काढण्याची घाई करू नये. आपल्या त्या ओळीत दोन टिंबे आहेत आणि त्यांपैकी प्रत्येकाखाली एक क्वेरी दडलेली असू शकते. शीतगृह आधी आणलेले नसेल, तर ओआरएम ते त्याच क्षणी आणायला जाते. शिवाय कमिट झाल्यावर सेशन आपल्याकडील वस्तूंची मूल्ये शिळी समजते, त्यामुळे आधी वाचलेले नावसुद्धा पुन्हा डेटाबेसकडून मागवले जाते. साध्या प्रोग्राममध्ये हे सोयीचे असते. असिंकमध्ये मात्र जिथे थांबायचे तिथे ‘अवेट’ लिहावे लागते, आणि टिंबाच्या मागे ‘अवेट’ लिहिण्याची सोय नाही. एसक्यूएलअल्केमीने २०२१ च्या १.४ आवृत्तीत असिंकआयओचा आधार दिला तो ग्रीनलेटच्या (फंक्शन मध्येच थांबवून नंतर पुढे चालवू देणाऱ्या लायब्ररीच्या) मदतीने, जुने सिंक इंजिन आत तसेच ठेवून. त्या आवरणाच्या बाहेर क्वेरी निघाली की आपल्याला दिसते ती त्रुटी येते.

उपाय असा, की क्वेरीतच ‘सिलेक्टइनलोड’ने शीतगृह सोबत आणावे, सेशन तयार करताना ‘एक्स्पायर ऑन कमिट’ला ‘फॉल्स’ द्यावे (म्हणजे कमिटनंतर मूल्ये शिळी ठरत नाहीत), आणि सॉकेटकडे ओआरएमची वस्तू न देता नाव व वेळ एवढी साधी मूल्येच द्यावीत. मी तर नात्यांवर ‘लेझी’ची किंमत ‘रेझ’ ठेवतो, म्हणजे आधी न आणलेले नाते वाचताच त्रुटी येते आणि विसरलेली जागा चाचणीतच सापडते.

खरे सांगायचे तर ही त्रुटी आली हे बरेच झाले. ट्विस्टेडवर (असिंकआयओसारख्याच जुन्या पायथन लायब्ररीवर) काम करताना आम्ही क्वेरी वेगळ्या थ्रेडमध्ये चालवत होतो आणि मिळालेली वस्तू रिअॅक्टरकडे, म्हणजे सगळे सॉकेट सांभाळणाऱ्या मुख्य फेऱ्याकडे, देत होतो. सेशन उघडेच असल्यामुळे टिंबाखालची क्वेरी रिअॅक्टरच्या थ्रेडमध्ये बिनबोभाट चालत असे, आणि सर्व्हर मधूनच का गोठतो हे शोधण्यात आमचे दोन आठवडे गेले.

फेरीबोट (दाभोळ)

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण लाइट आल्यावरच्या गर्दीचे कारण वेगळे असावे अशी शंका येते. आपण सेशन कधी उघडता आणि कधी बंद करता?

बर्फाची_लादी (रत्नागिरी)

यंत्र जोडले गेले की उघडतो आणि तुटले की बंद करतो. पोस्टग्रेसच्या ‘पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी’त (चालू कनेक्शनच्या यादीत) आता पाहिले, तर १५ ओळी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे व्यवहार उघडा ठेवून नुसत्या बसलेल्या, अशा दिसतात.

फेरीबोट (दाभोळ)

मग हेच कारण. एसक्यूएलअल्केमीच्या पूलमध्ये (डेटाबेसच्या तयार कनेक्शनच्या साठ्यात) मुळात ५ कनेक्शन आणि गर्दीसाठी वाढीव १० अशी एकूण १५ मिळतात. पहिली क्वेरी होताच सेशन एक कनेक्शन घेते आणि कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत ते धरून ठेवते. आपली १५ यंत्रे काहीतरी वाचून पुढच्या नोंदीची वाट पाहत बसली आहेत, आणि बाकीची ३० सेकंद थांबून मुदत संपल्याची त्रुटी घेतात. धोपाव्याला गाड्या उतरवून बोट तिथेच नांगरून ठेवावी आणि इकडे दाभोळच्या धक्क्यावर रांग वाढत जावी, तसे हे झाले आहे. पूल मोठा करून भागणार नाही, कारण पोस्टग्रेसची कनेक्शनची मर्यादाही मुळात १०० च आहे. सेशन एका नोंदीपुरते उघडावे आणि कमिट होताच बंद करावे. एकच सेशन ‘गॅदर’मधल्या (एकाच वेळी चालवलेल्या) अनेक टास्कना वाटणेही टाळावे, ते एका वेळी एकाच टास्कने वापरायचे असते.

सहकाऱ्यांचे म्हणणे मात्र निम्मे पटते. यंत्रांची यादी, शीतगृहे, मालक यांसाठी ओआरएम उत्तम; पण तापमानाच्या नोंदी म्हणजे नुसत्या ओळी, त्यांची वस्तू करून काय मिळणार? त्या असिंकआयओच्या रांगेत टाकाव्यात आणि एकाच टास्कने सेकंदभरात जमलेल्या नोंदी एका इन्सर्टने लिहाव्यात. रांगेला कमाल मर्यादा घालावी, म्हणजे डेटाबेस मागे पडला की सॉकेटवरचे वाचनही आपोआप मंदावेल.

टिंबाखाली_क्वेरी (सावंतवाडी)

यात एक धोका आहे. नोंद रांगेत पडताच पोच दिली आणि तेवढ्यात सर्व्हरचीच लाइट गेली, तर यंत्राने पोच मिळाली म्हणून आपली प्रत पुसलेली असेल आणि आपल्याकडेही काही उरलेले नसेल. प्रत्येक नोंदीसोबत एक फ्यूचर (नंतर मिळणाऱ्या निकालाची जागा धरणारी वस्तू) ठेवावे आणि कमिट झाल्यावरच ते पूर्ण करून पोच पाठवावी. सेकंदभराचा उशीर १० सेकंदांच्या मुदतीत सहज बसतो.

बर्फाची_लादी (रत्नागिरी)

दोघांचेही आभार. सेशनचा बदल आजच करतो, रांग आणि फ्यूचर या आठवड्यात. यंत्रांनी एकदम न जोडता काही सेकंद कमीजास्त थांबून जोडावे हेही करायचे आहे, पण त्यासाठी प्रत्येक शीतगृहात लॅपटॉप घेऊन जावे लागेल. सध्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत आणि शीतगृहे निम्मी रिकामी आहेत, तेव्हा ते काम नारळी पौर्णिमेच्या आत उरकून घेतो.