कालमेघाच्या अर्कातला हिरवा रंग जात नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कालमेघाच्या पानांतून अँड्रोग्राफोलाइड (त्यातलं कडू द्रव्य) वेगळं करतेय. सावलीत वाळवलेल्या पानांचा मिथेनॉलमध्ये अर्क काढला, पण हरितद्रव्य काही केल्या पाठ सोडत नाही. स्फटिक येतात तेही हिरवट, चिकट. शुद्ध अँड्रोग्राफोलाइड तर रंगहीन असतं. सक्रिय कोळसा रंगासोबत थोडं द्रव्यही धरून ठेवतो. त्यापेक्षा स्फटिक टोल्युइनने धुतलेले बरे का? सिलिका जेलचा कॉलम (मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणारी नळी) लावायचाच झाला, तर क्लोरोफॉर्म-मिथेनॉलचं प्रमाण किती ठेवता?

दुसरं म्हणजे जीवाणूंवरची चाचणी. द्रव्य विरघळवायला डीएमएसओ हा द्रावक वापरते; तुलनेसाठी नुसत्या डीएमएसओचा कंट्रोल ठेवतेच, पण त्याचं अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या आत आणलं की द्रव्य तळाशी बसतं. कुणी यातून मार्ग काढलाय का? पुढचं सगळं काम इथेच अडलंय.