देवाने तुम्हाला कुठे गाठलं? अनुभव लिहा

पास्काकाळातला, म्हणजे ईस्टरच्या दिवसांतला, चौथा रविवार, उत्तम मेंढपाळ येशूचा, आला की चर्चमध्ये पाचारणासाठी, म्हणजे देवाच्या हाकेसाठी, प्रार्थना होते आणि बऱ्याच जणांना वाटतं हे फादर-सिस्टर होणाऱ्यांपुरतंच आहे. मला नाही पटत. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया जपानात व्यापार करायचा, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संन्यासी संघात ब्रदर झाला, फादर म्हणजे धर्मगुरू नाही हां, ब्रदरच, आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. तुम्हाला हाक कुठे आली, ती देवाचीच हे कसं कळलं, सगळं लिहा. मोठं झालं तरी चालेल.

पाचूबंदर, वसई
माझे बाबा बोटीवर असतानाच गेले, छातीत कळ आली आणि किनाऱ्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, जाणं सोडलं. आई संध्याकाळी रोजरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, बसली की मी मुद्दाम उठून बाहेर जायचो, देवाशी भांडणच होतं माझं. जून-जुलैत मासेमारी बंद, बोट वर ओढलेली, हाताला काम नाही, अशात आजारी लोकांच्या घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेली पवित्र भाकर, घेऊन जाणारे आमचे एक काका म्हणाले, पाऊस आहे, छत्री धरायला तरी चल. म्हणून गेलो, श्रद्धा वगैरे काही नाही.

एका घरी लकवा झालेली म्हातारी मावशी होती, घास गिळता येत नव्हता. काकांनी छोट्या गोल डबीतून ख्रिस्तशरीर काढलं, नखाएवढा तुकडा मोडला, चमच्यात थोडं पाणी घेऊन त्यात ठेवला आणि तिच्या ओठांशी धरला, ती गिळेपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग क्रुसाची खूण करायला तिने हात उचलला तो अर्ध्यातच अडकला, तर काकांनी तिचा हात धरून कपाळापासून खांद्यापर्यंत खूण पुरी केली. बाबांच्या शेवटच्या घटकेला त्यांचा हात कोणी धरला असेल का, हेच मला आतून खात होतं. त्या घरात त्याचं उत्तर मिळालं असं नाही म्हणणार, काम मिळालं. त्या रात्री रोजरीला बसलो, आईने नुसतं सरकून जागा दिली. आता रीतसर ट्रेनिंग आणि परवानगी घेऊन मी स्वतः जातो. मासेमारी चालूच आहे, तीही देवानेच दिलीय.

रत्नागिरी
प्रभूच्या नावात सलाम. आम्ही प्रोटेस्टंट. रेव्हरंड ना. वा. टिळक आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचे, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण अभंग काही सोडला नाही, येशूला तुकोबांच्या चालीत गायले. मी लहानपणापासून पेटी वाजवायचो, लग्नाकार्यात, कुठेही. एकदा उपासनेत त्यांचं भजन वाजवताना बोटं चालू आणि डोळ्यांना धार, तेव्हाच कळलं ही बोटं कोणाची आहेत ते. आता मंडळीतल्या पोरांना शिकवतो.

सावंतवाडी
मी सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याच्या शिक्षणाला, होतो आणि बाहेर पडलो. गावात कुजबुज झाली, आईला फार लागलं. पण पळून नाही आलो, प्रार्थना करून, फादरांशी महिनोन् महिने बोलून ठरवलं, आणि सेमिनरी असतेच मुळी पारखायला. आज मी आणि बायको लग्न ठरलेल्या जोडप्यांचे वर्ग घेतो. हेच माझं पाचारण, अगदी मनापासून सांगतो.

मालवण
नर्सिंग झालंय, सिस्टर व्हायचंय, मन एकदम शांत आहे. पण मी एकुलती, पप्पा नाहीत, मम्मीला सांगायला तोंड उघडत नाही. आधी तिला सांगू की आधी सुपिरियर, म्हणजे मठाच्या प्रमुख, सिस्टरांना घरी बोलावू?

पाचूबंदर, वसई
बाय, आधी मम्मीला सांग, तू स्वतः, दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिला कळायला नको. रडेल, रडू दे. सिस्टरांना नंतर बोलाव, आणि तिच्या म्हातारपणी कोण बघणार हे त्यांच्यासमोर स्पष्ट विचार, लाजू नको.