सायक्लोन: सापाच्या वेटोळ्यावरून आलेला शब्द

'सायक्लोन हे प्राचीन ग्रीकांनी वादळाला दिलेले नाव आहे' असे म्हटले जाते, त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. शब्दाचे मूळ ग्रीक असले, तरी वादळासाठी तो घडवला कलकत्त्यात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी, आणि १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तो मांडला. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या ताडून पाहताना, एकाच वेळी एका जहाजावर उत्तरेचा आणि दुसऱ्यावर दक्षिणेचा वारा कसा, याचा उलगडा वारा केंद्राभोवती फिरतो असे मानल्यावरच होतो. तरीही हा मार्ग अगदी वर्तुळाकार असतो असे त्यांना ठामपणे म्हणायचे नव्हते; म्हणून त्यांनी 'किक्लोस' (वर्तुळ, चाक) या मूळ ग्रीक शब्दाचा सापाचे वेटोळे हा अर्थ पुढे केला. हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण उपग्रहाच्या छायाचित्रात ढगांचे पट्टे खरोखरच वेटोळ्यासारखे आत वळत गेलेले दिसतात.

आपल्या 'चक्रीवादळ' शब्दातले 'चक्र' आणि ग्रीक 'किक्लोस' यांचा पूर्वजही एकच आहे, त्यामुळे या प्रतिशब्दाला निव्वळ भाषांतर म्हणणे मला पटत नाही. हवामानशास्त्रात मात्र 'सायक्लोन'चा अर्थ अधिक व्यापक आहे: कमी दाबाच्या केंद्राभोवती वारे फिरत असलेली, समशीतोष्ण पट्ट्यातली सौम्य प्रणालीही त्यात मोडते, आणि तिला 'वादळ' म्हणणे अनेकदा अतिशयोक्तीचे होते.